कोल्हापूरच्या आकाशातील शिकारी पक्षी आणि निकॉनची २००-५०० मिमी लेन्स

घराजवळच्या आकाशात फिरणारी घार, हिवाळ्यात शेतांवरून सरकत जाणारा भोवत्या किंवा पन्हाळ्याच्या कड्यावर तरंगणारा गरुड उडताना टिपायचा असेल, तर पहिली मोठी लेन्स कोणती घ्यावी, असे कोल्हापुरातील नवे छायाचित्रकार वारंवार विचारतात. माझे उत्तर निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स असे आहे, पण त्याला एक अट आहे. संथपणे घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांसाठी या किमतीच्या गटात तिच्याइतकी भरवशाची लेन्स मी वापरलेली नाही. शिक्रा किंवा ससाणा यांच्यासारख्या वेगवान पक्ष्यांसमोर मात्र ती मागे पडते. म्हणून लेन्स निवडण्याआधी आपल्याला कोणता पक्षी टिपायचा आहे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

ही लेन्स २०१५ मध्ये बाजारात आली. मी ती २०१६ च्या निकॉन डी५०० या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर वापरतो. या जोडीला ७५० मिमीच्या लेन्सइतका पल्ला मिळतो असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु त्या आकड्यावरून प्रत्यक्षात काय दिसेल याचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा साधा हिशेब उपयोगी पडतो. ५०० मिमीवर, ३० मीटर अंतरावरच्या पक्ष्यासाठी चौकटीची रुंदी साधारण १.४ मीटर भरते आणि घारीच्या पसरलेल्या पंखांची लांबीही जवळजवळ तितकीच असते. म्हणजे ३० मीटरवरची घार चौकट पूर्ण भरून टाकते, तर ६० मीटरवरची अर्धी चौकट व्यापते. या कॅमेऱ्याच्या २०.९ मेगापिक्सेलमध्ये अर्धी चौकटही मोठ्या छपाईला पुरते. त्यापलीकडची घार टिपता येते, पण पिसांचे बारकावे मिळत नाहीत, आणि तो दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो.

कॉलर (लेन्सभोवतीचे, ट्रायपॉडला जोडायचे कडे) धरून लेन्सचे वजन २३०० ग्रॅम आहे. त्यात कॅमेऱ्याचे ८६० ग्रॅम मिळवले की हातात तीन किलोंहून अधिक भार येतो. कॉलर काढल्यास लेन्स २०९० ग्रॅमची होते, तरीही मी ती काढत नाही, कारण खांद्याचा पट्टा कॉलरच्या पायाला अडकवला की सगळे वजन कॅमेऱ्याच्या माउंटवर लटकत नाही. हातात धरून उडता पक्षी टिपण्यासाठी हे वजन पेलण्यासारखे आहे, मात्र लेन्स सतत डोळ्याला लावून ठेवू नये. पक्षी वळून आपल्याकडे येऊ लागला की मगच उचलावी. झूमची कडी हा या लेन्सचा सर्वांत त्रासदायक भाग आहे. २०० पासून ५०० पर्यंतचा फेर इतका लांब आहे की मनगटाच्या एका वळणात तो पूर्ण होत नाही, मध्येच हात सोडून कडी पुन्हा पकडावी लागते. त्यामुळे पक्षी ३०० वर शोधायचा आणि मग ५०० वर जायचे, ही इतर लेन्सवर चालणारी रीत येथे अडखळते. ५०० वर लावून ठेवावे आणि पक्षी चौकटीत आणण्याचा सराव करावा, हेच अखेर सोयीचे ठरते.

लेन्सची खरी ताकद कळते ती शहरातल्या रंकाळा तलावावर. चौपाटीच्या बाजूने उभे राहिल्यास सायंकाळी सूर्य समोर येतो आणि पक्ष्यांच्या फक्त काळ्या आकृत्या मिळतात, म्हणून तेथे सकाळीच जावे. त्या वेळी सूर्य पाठीशी असतो आणि पाण्यावरून फिरणाऱ्या ब्राह्मणी घारीच्या पोटाखालीही प्रकाश पोहोचतो. तिचे डोके व छाती पांढरी आणि उरलेले अंग विटकरी असते. मागे गडद पाणी असताना कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने एक्स्पोजर वाढवतो आणि पांढऱ्या डोक्यावरची पिसे पार धुऊन निघतात. त्यामुळे एक्स्पोजर कम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) उणे ०.३ ते उणे ०.७ ठेवावे. साधी घार उजळ आकाशासमोर असेल तर याच्या नेमके उलट करावे लागते, म्हणजे अधिक १ ते अधिक १.३. या लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र सर्व झूमवर एफ/५.६ इतकेच राहते, म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हातही १/२००० सेकंदाचा शटरचा वेग आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) फारसा न चढवता मिळतो. पूर्ण उघड्या छिद्रावरही घारीच्या डोळ्याभोवतीची पिसे सुटी दिसतात. एफ/८ वर थोडी अधिक धार येते, पण त्यासाठी वेग गमावणे उडत्या पक्ष्याच्या बाबतीत परवडत नाही.

कंपन कमी करणाऱ्या यंत्रणेबद्दल बरेच गैरसमज आहेत. १/२००० च्या वेगाला तिचा धारदारपणाशी फारसा संबंध उरत नाही. तिचा उपयोग व्ह्यूफाइंडरमधील चित्र स्थिर दिसण्यासाठी होतो. लेन्सवर नॉर्मल आणि स्पोर्ट असे दोन पर्याय आहेत. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवताना स्पोर्ट ठेवावा, त्यात एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत चित्र उडी मारत नाही. फोकसची मर्यादा ठरवणारी कळ अनंत ते ६ मीटर या खुणेवर ठेवली की फोकस चुकल्यावर लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही.

ऊसतोडीचा हंगाम हा शहराच्या आसपासचा सर्वांत समृद्ध काळ आहे. वडणगे, शिये या बाजूंना फड रिकामा झाला की उंदीर उघड्यावर येतात आणि त्यांच्यामागे कापशी घार येते. कावळ्याएवढा हा पक्षी राखी-पांढरा असून त्याच्या खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक असतात. तो हवेत एकाच जागी पंख मारत थांबतो, नजर खाली रोखतो, मग पाय खाली सोडून आणि पंख वर इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभारून टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. छायाचित्र घ्यायचे ते या थांबण्याच्या क्षणी. त्या वेळी ग्रुप एरिया ऑटोफोकस (अनेक फोकस बिंदू एकत्र वापरणारा पर्याय) चटकन पकड घेतो आणि डी५०० सेकंदाला १० फ्रेम घेत असल्याने पंखांची हवी ती स्थिती हाती लागते. पक्षी खाली उतरून मागे उभ्या उसाची भिंत आली की मात्र फोकस पानांवर घसरतो, आणि एकदा घसरला की या लेन्सला परत यायला वेळ लागतो. म्हणून मागे शक्यतो मोकळे आकाश किंवा दूरची झाडी येईल अशी बांधावरची जागा निवडावी. बांधावर जाण्याआधी शेतकऱ्याला विचारावे. ‘‘पाव्हणं, उद्या पलीकडचा फड तुटणार हाय, तिकडं या,’’ असे सांगणारी माणसे या भागात भेटतात आणि ती माहिती कोणत्याही उपकरणाहून मोलाची असते. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या पुढे शेतांवरची हवा थरथरू लागते. त्या थरथरीतून कितीही महाग लेन्सने घेतलेले चित्र मऊच येते.

पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि तेथे एक वेगळी सोय आहे. मैदानात आपण कायम पक्ष्याच्या पोटाकडे पाहत असतो. गडाच्या तटावर उभे राहिल्यास कड्यावरून वर येणाऱ्या वाऱ्यावर स्वार झालेले पक्षी डोळ्यांच्या पातळीला येतात, कधी पायांखालून जातात आणि पंखांची वरची बाजू दिसते. सज्जाकोठीच्या बाजूला दुपारनंतर सूर्य पाठीशी असतो. पक्षी वाऱ्यावर संथ तरंगत असल्याने फोकसला पुरेसा वेळ मिळतो आणि येथे या लेन्सकडून काहीही उणे राहत नाही. वारा जोराचा असेल तर लेन्सच्या तोंडावरचा लांब हूड वाऱ्याला अडवतो व लेन्स हलते, तेव्हा तटाच्या आडोशाला कोपर टेकवावे.

शिक्रा ही या लेन्सची मर्यादा आहे. कॉलनीतल्या झाडांमधून तो जमिनीलगत झेपावतो आणि क्षणात फांद्यांआड होतो. इतक्या अवधीत लेन्सचे फोकस यंत्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बसलेला शिक्रा ती सुरेख टिपते, उडणारा क्वचितच. ज्यांना प्रामुख्याने असेच पक्षी टिपायचे आहेत आणि ज्यांचे बजेट मोठे आहे, त्यांनी मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि निकॉनचीच २०२३ मधील १८०-६०० मिमी लेन्स पाहावी. तिच्या झूमचा संपूर्ण फेर केवळ ७० अंशांचा आहे, झूम करताना तिची लांबी बदलत नाही आणि कॉलरसह वजन २१४० ग्रॅम आहे. टोकाला तिचे छिद्र थोडे लहान, म्हणजे एफ/६.३ होते, पण नव्या कॅमेऱ्यांतील पक्षी ओळखणारे ऑटोफोकस ती उणीव भरून काढते.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढणे आणि कोंबडीचे तुकडे टाकून घारींना बोलावणे, या दोन्ही गोष्टी मी करत नाही आणि कोणी करू नयेत असे मला मनापासून वाटते. ५०० मिमीची लेन्स घेण्याचा हेतूच पक्ष्याला त्याच्या जागी राहू देणे हा आहे.

ही लेन्स आज जुन्या बाजारात सहज मिळते, पण आपल्या भागात ती घेताना एक तपासणी चुकवू नये. चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणात भिंगांवर बुरशी धरते आणि झूम करताना नळी पुढे सरकणारी ही लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढत असते. पुढचे व मागचे झाकण काढून एका बाजूने टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये. झूम ५०० वर नेऊन नळीला ढिलेपणा आहे का, तेही पाहावे. शक्यतो स्वतःचा कॅमेरा घेऊन जावे, कारण या लेन्सचे छिद्र विद्युत संकेतावर चालते आणि डी९०, डी२०० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांना ते नियंत्रित करता येत नाही. डी५०० असेल तर लाइव्ह व्ह्यूमधील (मागच्या पडद्यावर चित्र पाहण्याच्या पद्धतीतील) ऑटो फाइन ट्यून ही फोकस जुळवण्याची सोय वापरून फोकस पुढे-मागे पडतो का, हे तेथेच काही मिनिटांत तपासता येते. घरी आणल्यावर जून ते सप्टेंबर ती ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे.