रात्रपाळीतून पाच दिवस वर्गात: मेलबर्नमधील सुरक्षा प्रतिनिधी प्रशिक्षणाबद्दल अभिप्राय

मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका गोदामात मी गेली काही वर्षे रात्रपाळीला काम करते. आमच्या पाळीतील सहकाऱ्यांनी मला आरोग्य व सुरक्षा प्रतिनिधी म्हणून निवडून दिले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मी या कामासाठीचे पाच दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केले. इथे सगळे जण या प्रतिनिधीला 'एचएसआर' म्हणतात. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या भागांत राहणारे आणि गोदामांत, रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत राबणारे बरेच मराठी लोक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्यापैकी कोणी असे निवडून आले, तर हे प्रशिक्षण घ्यावे की नाही आणि ते कसे मिळवावे, हे त्यांना नेमके समजावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रशिक्षणापेक्षा ते मिळवण्याविषयी आधी सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. व्हिक्टोरिया राज्याच्या 2004 च्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा कायद्यातील कलम 67 नुसार प्रतिनिधीने मागणी केल्यास मालकाने त्याला प्राथमिक प्रशिक्षणाला, आणि त्यानंतर दर वर्षी एका उजळणी वर्गाला जाऊ द्यावेच लागते. अभ्यासक्रम वर्कसेफ या सरकारी यंत्रणेने मान्य केलेला असला पाहिजे, मागणी किमान 14 दिवस आधी केलेली असली पाहिजे, आणि मालकाशी चर्चा करून अभ्यासक्रम निवडण्याचा अधिकार प्रतिनिधीचा असतो. त्या दिवसांचा पगार मालक देतो आणि प्रशिक्षणाचा खर्चही तोच करतो. मी हे सगळे वाचून ठेवले होते म्हणूनच निभावले, कारण अर्ज दिल्यावर आमच्या व्यवस्थापकांनी मला अगदी सौजन्याने तीन तासांचा एक संगणकावरचा अभ्यासक्रम सुचवला आणि 'यात सगळे येते' असे सांगितले. तो सर्व कामगारांसाठीचा सर्वसाधारण सुरक्षेचा अभ्यासक्रम होता; प्रतिनिधीचे अधिकार काय, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मी लेखी उत्तरात कलमाचा उल्लेख केला, निवडलेल्या वर्गाच्या तारखा कळवल्या, आणि चार दिवसांत मंजुरी आली. मंजुरी नाकारली गेली असती, तर वर्कसेफकडे दाद मागता आली असती.

रात्रपाळी करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वर्ग सोमवारी सकाळी सुरू होणार होता आणि रोस्टरवर माझी रविवारची रात्र तशीच लावलेली होती. रात्रभर सामान उचलून सकाळी साडेआठला वर्गात बसायचे, म्हणजे थकव्याच्या धोक्यांवरील पाठ डुलक्या घेत ऐकायचा. ती पाळी बदलून घेण्यासाठी मला दोनदा बोलावे लागले. पगाराच्या बाबतीतही कामावर असते तर जे मिळाले असते तेच मिळायला हवे, म्हणून रात्रपाळीचा भत्ता धरला आहे की नाही हे पगारपत्रकात तपासून पाहावे. माझ्या पत्रकात तो आधी धरलेला नव्हता; दाखवून दिल्यावर पुढच्या पंधरवड्यात जमा झाला.

आता प्रत्यक्ष वर्गाविषयी. पाच दिवस सलग नव्हते. पहिल्या आठवड्यात तीन आणि पुढच्या आठवड्यात दोन अशी विभागणी होती, आणि ती मला फार उपयोगी वाटली, कारण मधल्या काळात कामावर परतून आपल्याच जागेची पाहणी करून यायची होती. पहिल्या दिवशी कायद्याची चौकट झाली. दुसऱ्या दिवशी धोका ओळखण्याची आणि त्यावर उपाय ठरवण्याची पद्धत शिकवली, आणि तिथे माझी एक जुनी समजूत मोडली. आमच्याकडे कोणाची पाठ धरली की हातमोजे, बूट आणि 'नीट वाकून उचला' असे सांगणारे पत्रक एवढ्यावर विषय मिटत असे. उपायांच्या क्रमात या गोष्टी सर्वांत शेवटी येतात. आधी धोका मुळातून काढून टाकता येतो का ते पाहायचे असते, मग कमी धोक्याची वस्तू, यंत्र किंवा रचना. जड खोकी खालच्या फळीवर का ठेवली आहेत, हा प्रश्न मी त्याआधी कधी विचारलाच नव्हता.

सर्वांत कसदार होता तो चौथा दिवस. 'पिन', म्हणजे प्रोव्हिजनल इम्प्रूव्हमेंट नोटीस, कशी लिहायची याचा सराव त्या दिवशी झाला. कायद्याचा भंग होत आहे असे प्रतिनिधीला वाटले, तर आधी संबंधितांशी चर्चा करून तो ही लेखी नोटीस देऊ शकतो. ती मान्य नसल्यास समोरच्याला सात दिवसांच्या आत वर्कसेफच्या निरीक्षकाला बोलावण्याची मागणी करता येते, आणि निरीक्षक ती कायम करतो, बदलतो किंवा रद्द करतो. प्रशिक्षक बाईंनी आम्हांला आळीपाळीने प्रतिनिधी आणि व्यवस्थापक केले. व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसल्यावर मला कळले की मोघम तक्रारीला उत्तर देणे किती सोपे असते आणि जागा, वेळ, यंत्र आणि कलम नमूद केलेल्या तक्रारीला बगल देणे किती कठीण असते. माझी पहिली नोटीस त्यांनी तीन वेळा परत लिहायला लावली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

उणिवा दोन जाणवल्या. पाचव्या दिवसाचा बराचसा वेळ पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्यात गेला. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: आमच्या पंधरा जणांच्या वर्गात निम्म्याहून अधिक जणांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, तरीही पुस्तिका केवळ कायद्याच्या जड इंग्रजीत होती. शेजारी बसलेल्या व्हिएतनामी ताईंना कामाचा तीस वर्षांचा अनुभव होता, पण त्या वर्गात जवळजवळ बोलल्याच नाहीत.

न्यू साउथ वेल्समधील वाचकांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथेही प्राथमिक प्रशिक्षण पाच दिवसांचेच आहे, परंतु ते पूर्ण केल्याशिवाय प्रतिनिधीला अशी नोटीस देताच येत नाही. व्हिक्टोरियात तशी अट नाही. म्हणून न्यू साउथ वेल्समध्ये प्रशिक्षण लांबले, तर प्रतिनिधीचा हा अधिकारही तेवढा काळ केवळ कागदावर राहतो.

वर्गात असताना मला माझ्या बाबांची वारंवार आठवण येत होती. ते कोकणातील एका रासायनिक कारखान्यात निवृत्त होईपर्यंत होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, आपल्याकडील कारखाने अधिनियमात 111 अ हे कलम घातले गेले. त्याने कामगाराला शक्य असेल तेथे कारखान्यातच सुरक्षेचे प्रशिक्षण मिळवण्याचा किंवा मान्यताप्राप्त संस्थेत मालकाकरवी पाठवले जाण्याचा हक्क दिला होता. मी फोनवर विचारले तेव्हा बाबांनी हे कलम पहिल्यांदाच ऐकले. कारखान्यात भिंतीवर सुरक्षेच्या घोषणा होत्या, दर वर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथही होत असे, पण असा काही हक्क आपल्याला आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मग मी कशी नोटीस लिहायला शिकले ते त्यांनी तपशिलाने विचारून घेतले.

एकंदरीत या वर्गाला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण भाषेसाठी कापला आहे. खालच्या फळीवरची जड खोकी आता कमरेच्या उंचीवर आली आहेत; त्यासाठी नोटीस द्यावी लागली नाही, तिचा मसुदा समोर ठेवून केलेली चर्चा पुरली. एक दिवसाच्या उजळणी वर्गासाठीचा माझा अर्ज मी या आठवड्यात दिला आहे, आणि या वेळी रोस्टरवर आदल्या रात्रीची पाळी लावू नये, हेही त्यातच लिहिले आहे.