उमेदवारीआधी जोडीदाराची कुंडली काढून देणारं शाहूपुरीतलं ऑफिस

महापालिका निवडणुकीच्या पॅनेलमध्ये चौथं नाव कुणाचं घ्यायचं यावरून पक्षात धुसफूस चालू असेल, तर कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या या ऑफिसात जाऊन या, हे मी आधीच सांगून टाकते. एक वकील, एक निवृत्त तलाठी आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दोन मुली, एवढाच पसारा. तुम्ही ज्याला उमेदवारी देणार त्याची सगळी कागदपत्रं, खटले, देणी आणि जुनी वक्तव्यं धुंडाळून अहवाल हातात द्यायचा, हे त्यांचं काम. ऑफिसचं नाव लिहीत नाही. त्यांनी बाहेर बोर्डसुद्धा लावलेला नाही. कुठल्या पक्षाने कुणाची माहिती काढली हे फुटू नये म्हणून ते ओळखीशिवाय काम घेत नाहीत. कसबा बावड्याच्या कोर्टात बसणाऱ्या वकिलांपैकी कुणाला तरी विचारलंत की पत्ता मिळेल.

मी शिवाजी पेठेत राहते. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर पक्षाचं प्रभागातलं काम बघते. पक्ष कुठला ते सांगून उपयोग नाही, कारण हा ताप यंदा सगळ्यांनाच झाला. 2015 च्या महापालिका निवडणुकीत एक प्रभाग, एक नगरसेवक असा हिशेब होता. उमेदवार आपल्या तालमीच्या, आपल्या भावकीच्या जिवावर यायचा, नाहीतर पडायचा. त्यानंतर मतदान झालं ते थेट 15 जानेवारी 2026 ला, आणि तेव्हा 81 जागा 20 प्रभागांत वाटलेल्या होत्या. एक प्रभाग सोडला तर सगळीकडे चार-चार जागा, अ, ब, क आणि ड. मतदाराने चार मतं द्यायची. घरोघरी पत्रक एकच जातं, त्यावर चौघांचे फोटो शेजारी शेजारी. त्यातल्या एका फोटोकडे बघून घरातल्या बाईने नाक मुरडलं, की उरलेल्या तिघांचा दारातला सगळा वेळ त्या एकाची सफाई देण्यात जातो.

आमची तीन नावं ठरली होती. ओबीसी महिला जागेसाठी वरून एका वहिनींचं नाव आलं. चाळिशीच्या आतल्या, बचत गटांचं मोठं जाळं, हळदीकुंकवाला मांडव पुरत नाही इतक्या बायका जमवणाऱ्या, बोलायला एकदम रोखठोक. पण दिवाळीपर्यंत त्या दुसऱ्या पक्षात होत्या. नाव कळल्या कळल्या आमच्या कार्यालयात जे सुरू झालं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. समोर कुणी बोलेना, जिन्यात मात्र सगळे बोलत होते. आमचे अण्णा गेली कित्येक वर्षं बूथ सांभाळतात. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, काल आलेल्या बाईला आज तिकीट? मग आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या?" बाकीच्यांचे आक्षेप वेगवेगळे होते. केस आहे म्हणे. तीन पोरं आहेत म्हणे. नवऱ्याचे पालिकेत ठेके आहेत म्हणे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्हणे'.

या 'म्हणे'चं काय करायचं, म्हणून मी आणि आमचे शहर सरचिटणीस त्या ऑफिसात गेलो.

वकिलांनी फी सांगायच्या आधी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे केला. म्हणाले, "तुमच्या कार्यालयातल्या ज्यांना ज्यांना शंका आहे त्यांना ती स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. सही नको, नाव नको. तोंडी शंका आम्ही घेत नाही." मला हे पटायला वेळ लागला नाही. कागद परत आले तेव्हा मुलींनी त्यांचे दोन ढीग केले. एकात ज्यांचं उत्तर कुठल्या ना कुठल्या टेबलावर मिळू शकतं अशा शंका. दुसऱ्यात उरलेल्या. दुसऱ्या ढिगातला एक कागद मी अजून विसरलेले नाही, अक्षर किरटं, पेन जोरात टेकवून लिहिलेलं: 'तिच्या बायका तिला एकटीला मत देतील आणि आम्हा तिघांना पाडतील.' खरी भीती ही होती. केस, पोरं, ठेके हा सगळा त्या भीतीवरचा मुलामा होता.

बसल्या बसल्या वकिलांनी थॉमस ईगल्टनची गोष्ट काढली. मी ती वर्गात शिकवलेली, तरी त्या खुर्चीत बसून ऐकताना अंगावर आली. 1972 साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न अध्यक्षपदाला उभे होते. टेड केनेडींसह एकामागून एक मोठ्या नावांनी उपाध्यक्षपदाची उमेदवारी नाकारली. मायामी बीचला अधिवेशन चालू, मुदत संपत आलेली, तेव्हा मिझुरीचे सिनेटर ईगल्टन यांना फोन गेला. पूर्वायुष्यात अडचणीचं काही आहे का, एवढं विचारलं, ते नाही म्हणाले, विषय संपला. पुढे बाहेर आलं की नैराश्यासाठी त्यांना 1960, 1964 आणि 1966 अशा तीन वेळा रुग्णालयात राहावं लागलं होतं आणि विजेच्या झटक्यांचे उपचारही झाले होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. निवडीनंतर 18 दिवसांनी ईगल्टन यांना बाजूला व्हावं लागलं. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले. नोव्हेंबरमध्ये प्रतिस्पर्धी निक्सन यांनी 50 पैकी 49 राज्यं जिंकली. माणूस आजारी होता यात काहीच गैर नव्हतं, आणि आजच्या काळात तर नैराश्यावर उपचार घेतले म्हणून कुणाला मागे ओढू नये असं माझं ठाम मत आहे. गैर होतं ते घाईत विचारणं. फोनवर धड बोलायलाही वेळ दिला नाही, मग समोरच्याने मन मोकळं करावं तरी कसं?

आता अहवालाकडे येते. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

स्पायरल बाइंडिंग केलेली वही. पहिल्या पानावर शंका जशीच्या तशी, खाली ती कुठे तपासली, कोणत्या तारखेला, आणि काय मिळालं. मत वेगळं, पुरावा वेगळा. मुलांचं प्रकरण पहिलंच होतं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उमेदवार अपात्र ठरतो, त्यामुळे विरोधक हा मुद्दा छाननीच्या दिवशी हमखास काढतात. वहिनींच्या रेशनकार्डावर तीन मुलं होती, खरंच होती. पण तिसरा मुलगा दिराचा, शिक्षणासाठी इथे राहणारा. त्याचा जन्मदाखला जोडलेला, त्यावर आई-वडिलांची नावं पिवळ्या पेनने अधोरेखित केलेली. गल्लीत जी अफवा फिरत होती तिचं मूळ त्या एका कार्डात होतं.

केसचंही तसंच. फौजदारी काही नव्हतं. एका पतसंस्थेच्या कर्जाला वहिनी जामीनदार होत्या, मूळ कर्जदाराने हप्ते बुडवले आणि संस्थेने वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम 101 चा दाखला घेतलेला. कोल्हापुरात जामीनदार राहून अडकलेलं माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल. वकिलांनी खाली स्पष्ट लिहिलं होतं की ही जबाबदारी शपथपत्रात लपवू नका, लपवलीत तर मग ती खरीच केस होईल.

ठेक्याचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटला. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असला तर उमेदवारी धोक्यात येते. नवऱ्याचं नाव ठेकेदारांच्या कागदांत कुठेही नव्हतं. पण गटारीचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराला त्यांनी सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने दिल्या होत्या आणि हिशेब बाकी होता. वकिलांच्या मते अडचण नव्हती, तरी अर्ज भरायच्या आधी तो व्यवहार मिटवून पावती ठेवा, असा सल्ला होता. घरफाळ्याची थकबाकी निघाली ती वारलेल्या सासूबाईंच्या नावावरच्या घराची. हे त्या तलाठीकाकांनी सिटी सर्व्हेचा उतारा काढून शोधलं. वहिनींना स्वतःलाही त्याची कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

जात पडताळणीसाठी अहवालात स्वतंत्र पानं आहेत, आणि कोल्हापुरात ती हवीतच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने निवडून आल्यावर पडताळणी प्रमाणपत्र देण्याची सहा महिन्यांची मुदत बंधनकारक ठरवली, तेव्हा आपल्या महापालिकेतल्या किती नगरसेवकांची पदं टांगणीला लागली हे ज्याने पाहिलं त्याला मी वेगळं सांगायला नको. पुढे सरकारने कायदा बदलून मुदत वाढवली, पण तोवर त्या घरांत झोप नव्हती. वहिनींचं प्रमाणपत्र होतं, आणि त्याची खातरजमा करून तसा शेरा मारलेला होता.

अहवाल कार्यालयात वाचून दाखवला. पहिला ढीग निकाली निघाला. अण्णांनी ती वही मागून घेतली, चष्मा लावून रेशनकार्डाचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पोरांचं मी उगंच बोललो. पण सतरंजीचं बोललोय ते तसंच हाय." ते बरोबरच होतं. अण्णांच्या त्या प्रश्नाला अहवालात उत्तर नव्हतं, आणि माझी या सेवेबद्दलची तक्रार इथेच आहे. दुसरा ढीग ते तुमच्या हातात परत देतात. आमचं काम कागदाचं, माणसांचं तुम्ही बघा, असं म्हणतात.

हे पुरेसं नाही, आणि का पुरेसं नाही ते सारा पेलिन यांच्या उदाहरणावरून सांगते. 2008 साली अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्या मनात उपाध्यक्षपदाचे जोडीदार म्हणून सिनेटर जो लिबरमन होते. लिबरमन 2000 साली डेमोक्रॅटांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार राहिलेले, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. पक्ष हे खपवून घेणार नाही, असं जवळच्यांनी बजावलं. मग 29 ऑगस्टला ओहायोतल्या डेटनमध्ये अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचं नाव जाहीर झालं. गव्हर्नर होऊन त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. तपासणी करणारे वकील ए. बी. कल्व्हाहाउस यांनी मॅकेन यांना आधीच सांगितलं होतं की यात जोखीम मोठी आहे आणि फायदाही मोठा आहे. मॅकेन यांनी जोखीम घेतली. सभांना गर्दी लोटली, काही दिवस सर्वेक्षणांत ते पुढेही गेले. पण अधिवेशन चालू असतानाच, 3 सप्टेंबरला, माजी अध्यक्ष रेगन यांची भाषणं लिहिणाऱ्या पेगी नूनन आणि मॅकेन यांचे जुने सल्लागार माइक मर्फी माईक चालू असल्याचं न कळता टीव्ही स्टुडिओत या निवडीबद्दल मनातलं बोलून गेले, आणि साऱ्या देशाने ते ऐकलं. उघड तोंडाने सगळे टाळ्या वाजवत होते. महिनाअखेरीस टीव्ही पत्रकार केटी कुरिक यांनी घेतलेल्या मुलाखतीत पेलिन साध्या प्रश्नांवर अडखळल्या, मग पक्षातल्याच लोकांनी कुजबुज सोडून जाहीर बोलायला सुरुवात केली. शेवटी राज्यांच्या निर्वाचक मतांत डेमोक्रॅटांचे ओबामा 365, मॅकेन 173. पराभवाचं खापर एकट्या पेलिन यांच्यावर फोडणं मला मान्य नाही. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि त्यानंतर सत्तेतल्या पक्षाचा कुणीही उमेदवार असता तरी त्याची दमछाक झाली असती. पण कागद तपासून झाले आणि माणूस तपासायचा राहिला, एवढं त्यातून मला नक्की दिसतं. त्या मुलाखतीतले प्रश्न कुणीतरी आधी घरच्या खोलीत विचारायला हवे होते. आणि नूनन, मर्फी यांच्यासारख्यांचं मत माईक बंद असताना कुणीतरी मुद्दाम जाऊन विचारायला हवं होतं.

आम्ही ते आमच्या परीने केलं. वहिनींना अण्णांच्या घरी नेलं. त्यांनी पाटावर बसून चहा घेतला आणि सरळ विचारलं, "अण्णा, माझ्या बायका चारी मतं पॅनेललाच देतील हे मी तुम्हाला कसं दाखवू?" अण्णा म्हणाले, तुमच्या बचत गटांच्या बैठकीत आमच्या तिघांना बोलवा, तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या. तशा बैठका झाल्या. मी दोन बैठकांना होते. वहिनी दाराशी चपला नीट लावत उभ्या होत्या आणि आमचा अ जागेचा उमेदवार पाणीपट्टीवरच्या प्रश्नांना घाम पुसत उत्तरं देत होता. अण्णा प्रचाराला उतरले ते त्या दिवसानंतर. हा सगळा भाग शाहूपुरीच्या ऑफिसने स्वतःहून सुचवायला हवा होता, कारण शंका लिहून घ्यायची त्यांची पद्धत इतकी चांगली आहे की अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

आणखी एक उणीव. समाजमाध्यमांवरच्या जुन्या पोस्टचा भाग कच्चा आहे. वहिनींनी आमच्याच नेत्यांवर एका सभेत केलेल्या टीकेचा व्हिडिओ त्यांना सापडला नाही, तो आमच्या एका कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये निघाला. तो आधी कळला म्हणून वहिनी स्वतः नेत्यांना भेटून आल्या. प्रचारात तो फिरला असता तर सगळ्यांचीच पंचाईत होती.

फी एका उमेदवाराचे 25 हजार, दाखल्यांचा सरकारी खर्च वेगळा. निम्मी रक्कम आधी. पावती देतात. अहवालाची प्रत एकच, ज्याने पैसे भरले त्याच्या हातात, आणि काम झालं की स्वतःकडची फाईल तुमच्यासमोर फाडतात. अर्ज भरायची मुदत सुरू व्हायच्या निदान तीन आठवडे आधी जा. शेवटच्या दोन दिवसांत आलेल्यांना ते परत पाठवतात, मी तिथे बसलेली असताना एका माजी नगरसेवकांना पाठवलं, भरपूर पैसे देतो म्हणाले तरीही. हे मला फार आवडलं.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा राखून ठेवला आहे तो त्या दुसऱ्या ढिगासाठी. वकीलसाहेब हे वाचतील याची खात्री आहे, म्हणून इथेच विनंती करते: पुढच्या निवडणुकीआधी तुमच्या ऑफिसात एक असा माणूस घ्या जो कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन बसेल. आमच्या अण्णांना विचारून बघा, ते तयार होतील असं मला वाटतं.