उलटा वॉकर : दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या लेकीला सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणाऱ्या अवस्थेचा) स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार आहे, म्हणजे तिच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहतात आणि हातांवर त्याचा परिणाम तुलनेने कमी आहे. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने ती साडेतीन वर्षांची असताना आम्ही ॲल्युमिनियमचा उलटा वॉकर घेतला. तो दीड वर्ष रोज वापरल्यानंतर, कोल्हापुरातल्या इतर पालकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

साधा वॉकर पुढे ढकलायचा असतो, त्यामुळे मूल त्यावर ओणवे होते आणि कंबर व गुडघे वाकलेलेच राहतात. उलट्या वॉकरची आडवी दांडी पाठीमागे असते. मूल धरायच्या दोन मुठींच्या मध्ये उभे राहून तो मागून ओढत नेते, आणि पुढे रेलायला काहीच नसल्याने त्याला अंग सरळ ठेवावे लागते. मागच्या चाकांना उलट फिरू न देणारा खटका असतो, म्हणून तोल मागे गेला तरी वॉकर घसरत नाही. माप मात्र मुलाला उभे करूनच घ्यावे. मुठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहायला हवे. आम्ही आधी ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून एक माप मोठा घेतला होता आणि तो परत करावा लागला.

या वॉकरने आम्हाला काय दिले, ते बोरन्हाणाच्या दिवशी कळले. त्याआधीची तिची बोरन्हाणे मांडीवर बसवूनच झाली होती, आणि ‘चालायला कधी लागणार?’ हा प्रश्न नको म्हणून एका वर्षी तर आम्ही कुणाला बोलावलेच नव्हते. वॉकर आल्यानंतरच्या संक्रांतीला गल्लीतली सगळी मुले बोलावली. काळे परकर-पोलके, हलव्याचे दागिने आणि पायांत आधाराचे स्प्लिंट अशी ती वॉकरमध्ये उभी राहिली. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे तिच्या डोक्यावरून ओघळले. मुले वेचायला धावली तशी तीही निघाली, आणि दुसऱ्याच पावलाला एक बोर पुढच्या चाकाखाली अडकले. मी पुढे होणार तोच सासूबाईंनी माझा हात धरला. लेकीने वॉकर डावी-उजवीकडे हलवला, बोर चिरडले, चाक सुटले. “हुबी ऱ्हाऊन बोरन्हाण झालं माझ्या नातीचं,” असे सासूबाई त्या दिवशी येईल त्याला सांगत होत्या.

तेव्हापासून कालनिर्णयाच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, तिची एका दमातली पावले लिहितो. पहिली नोंद 4 पावलांची आहे. ती पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आपली आपण आली, त्या दिवशी घरात बासुंदी झाली. लसीकरणाच्या पुस्तिकेतला वाढीचा तक्ता आम्ही कपाटात ठेवून दिला आहे, कारण तिच्या पावलांना तिचेच वेळापत्रक लागू आहे.

दोषही सांगायला हवेत. आठ महिन्यांनी एका चाकाचा खटका सुटू लागला आणि विक्रेत्याने सुटा भाग द्यायला सहा आठवडे लावले. तेवढे दिवस तिचा सराव थांबला, याचा राग अजून आहे. मुठींचे रबर उन्हाळ्यात घामाने निसटते, त्यावर आम्ही सुती पट्टी गुंडाळली. लहान चाके घरातल्या फरशीवर उत्तम चालतात, पण पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. रंकाळ्यावर नेताना आधी सपाट पट्टा पाहून ठेवतो आणि संध्याकाळची गर्दी वाढण्याआधी पोहोचतो. मागच्या महिन्यात तिथे ती 62 पावले चालली, मग बाकावर बसून तिने भेळ खाल्ली आणि परतताना गाडीत झोपून गेली.

ज्या मुलाला मान आणि धड सावरता येत नाही, त्याला हा साधा उलटा वॉकर पुरेसा नाही. त्यासाठी छाती व कंबरेला आधार देणारे वेगळे साधन लागते आणि तो निर्णय थेरपिस्टनेच घ्यावा. विकत घेण्यापूर्वी दिव्यांगांना अशी साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेची चौकशी जरूर करावी. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि उत्पन्नाची अट असते. आमच्या लेकीला आता पुढचे माप लागेल. जुना वॉकर, खटका बदलून, थेरपीला येणाऱ्या एका छोट्या मुलाला द्यायचे ठरले आहे, आणि मुठीवरची पट्टी कोणत्या रंगाची असावी, हे लेकच ठरवणार आहे.