मराठी पुस्तक विकत घ्यावं, लायब्ररीतून आणावं, किंडलवर वाचावं की ऐकावं?

किंडल (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) घेऊ का, ऑडिओबुकचं सबस्क्रिप्शन घेऊ का, की सरळ पुस्तकंच विकत घेत राहू, असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते, एकदा वाचलेलं पुस्तक तुम्ही परत हातात घेता का? माझ्या मते बराचसा निर्णय इथेच होतो, पैसे, जागा, डोळे हे सगळं त्यानंतर. मी परत परत वाचणाऱ्यांपैकी आहे, पण सगळंच नाही. ललित लेख आणि कविता मी मधूनच कुठलंही पान उघडून वाचते, वर्षानुवर्षं वाचते, आणि रहस्यकथा किंवा जाडजूड ऐतिहासिक कादंबरी एकदा संपली की तिच्याकडे फारशी वळत नाही. त्यामुळे मी चारही प्रकार वापरते आणि प्रत्येकाचं काम ठरवून टाकलंय. हे मुख्यतः मराठी वाचणाऱ्यांसाठी लिहितेय, इंग्रजी वाचणाऱ्याचं गणित बरंच वेगळं निघेल.

माझा कल लायब्ररीकडे आहे हे आधीच सांगते. आपल्याकडे ही सोय पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं, आणि 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्याच्या गावीच काय, कितीतरी छोट्या गावांतही सरकारी अनुदानावर चालणारं वाचनालय असतं. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, चौकशी करताना वर्ग नक्की विचारा, अ वर्गात पुस्तकं जास्त असतात आणि वाचनालय उघडं राहण्याचा वेळही जास्त. अनामत एकदा भरायची, मग महिन्याची वर्गणी, आणि ती बहुतेक ठिकाणी एका नव्या कादंबरीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पडते.

पण लायब्ररीचं खरं बळ स्वस्ताईत नाहीये. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती म्हणजे साधारण हजार प्रती, हल्ली कधी कधी पाचशेच, त्या संपल्या की पुढची आवृत्ती कधी निघेल याचा भरवसा नसतो, निघेलच असंही नाही. म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा चांगला कथासंग्रह तुम्हाला वाचायचा असेल तर दुकानात तो नसतो, किंडलवर नसतो, ऑडिओवर तर नसतोच, तो असतो जुन्या वाचनालयाच्या कपाटात, जाड पुठ्ठ्याची बांधणी करून ठेवलेला. ज्यांना जुनं मराठी वाचायची ओढ आहे त्यांनी मशीन घ्यायच्या आधी सभासद व्हावं, याबाबतीत मी ठाम आहे.

तोटे आहेतच. नवीन गाजलेल्या पुस्तकाला नंबर लावावा लागतो, कुणीतरी पेनाने रेघा मारून ठेवलेल्या असतात, एखादं पान फाटलेलं निघतं, आणि नोकरी करणाऱ्याला वेळ जुळत नाही. काही खासगी लायब्रऱ्या घरपोच पुस्तकं देतात, शहरात राहत असाल तर आधी ते बघा.

आणि दिवाळी अंक! का. र. मित्रांनी 1909 मध्ये मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी लायब्ररीला तोडच नाही. बऱ्याच लायब्रऱ्यांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा रक्कम भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. विकत घ्यायचे म्हटलं तर चार-पाच अंकांतच तेवढे पैसे जातात आणि नंतर त्या अंकांचं करायचं काय हा प्रश्न उरतो. मी फक्त ज्याच्यात जपून ठेवण्यासारखा विशेष विभाग असेल तेवढाच अंक घेते.

आता विकत घेणं. तीनशे पानांची नवीन कादंबरी आज साडेतीनशे-चारशेच्या खाली क्वचित मिळते, तर मग कशावर खर्च करायचा? माझं उत्तर, कवितेवर, शब्दकोशावर, संदर्भाच्या पुस्तकांवर, आणि जे लायब्ररीतून वाचून झाल्यावरही मनातून जात नाही त्यावर. आधी वाचायचं आणि मग घ्यायचं हा क्रम लावल्यापासून माझ्या कपाटात न वाचलेलं पुस्तक फारसं राहत नाही. शिवाय मला समासात पेन्सिलीने लिहायची सवय आहे, ते लायब्ररीच्या पुस्तकात करूच नये, आणि स्क्रीनवर केलेल्या नोट्स मी नंतर उघडून बघत नाही, स्वतःच्या पुस्तकातली दहा वर्षांपूर्वीची पेन्सिल मात्र बघते आणि तेव्हा आपण कुठे अडलो होतो ते कळतं. घेताना बांधणी तपासा, दोऱ्याने शिवलेली आहे की नुसत्या गमवर चिकटवलेली, कारण परत परत उघडायचं पुस्तक गमवर टिकत नाही, पानं सुटतात. प्रकाशनपूर्व सवलतीवर लक्ष ठेवा, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणि ग्रंथप्रदर्शनात भाव वेगवेगळे मिळतात, मुंबईत असाल तर फाउंटन आणि माटुंग्याचे फूटपाथ जुन्या पुस्तकांसाठी अजूनही बघण्यासारखे आहेत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने मात्र पावसाळ्याचा विचार करूनच कपाट भरावं, दमट भिंतीला टेकवलेल्या पुस्तकांना बुरशी लागते, कसर आणि वाळवी हे तर कायमचं दुखणं.

किंडलबद्दल. त्याचा स्क्रीन ई-इंकचा असतो, मोबाइलसारखा डोळ्यांवर उजेड मारत नाही, बॅटरी बरेच दिवस जाते, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ही शेवटची गोष्ट चाळिशी ओलांडलेल्या वाचकासाठी फार मोठी आहे. आपल्या कितीतरी चांगल्या पुस्तकांचा टाइप इतका बारीक असतो की आईवडील वाचणं सोडून देतात, त्यांच्यासाठी मी बिनधास्त किंडल सुचवते. 2016 च्या डिसेंबरपासून अ‍ॅमेझॉनवर मराठी ई-पुस्तकं आहेत, पण निवड पुरी पडत नाही, जुन्या नामांकित प्रकाशकांची बरीच महत्त्वाची पुस्तकं तिथे नाहीत. म्हणून घेण्याआधी एक करा, पुढच्या वर्षात वाचायची म्हणून मनात असलेल्या पुस्तकांची यादी करा आणि ती एकेक करून शोधा. निम्मी जरी सापडली नाहीत तर थांबा. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवर वेगळी ई-पुस्तकं मिळतात, पण ती त्यांच्या अ‍ॅपमध्ये, म्हणजे पुन्हा मोबाइल किंवा टॅब्लेटच.

जुन्या साहित्याला मात्र एक चांगली वाट आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी हे सगळे आता खुले आहेत, आणि मराठी विकिस्रोतावर असं खुलं झालेलं जे साहित्य टाइप करून ठेवलंय ते ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करून किंडलला पाठवता येतं, एक पैसा न देता. स्कॅन केलेल्या पीडीएफच्या मागे लागू नका, सहा-सात इंची स्क्रीनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं आणि ते मोठं करत पान सरकवत वाचण्यात काही सुख नाही. जुने शब्द अडले तर मोल्सवर्थचा 1857 चा कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो, तो फोनवर उघडून ठेवत जा.

माझ्या मनात खटकणारी बाब वेगळीच. ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे खरं तर वाचायची परवानगी घेतली, ते मैत्रिणीला द्यायचं नाही, रद्दीवाल्यालाही नाही, मुलीसाठी ठेवायचं नाही. 2025 च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकायची सोयही बंद केली. एकदाच वाचायच्या पुस्तकाला हे चालून जातं. जे आयुष्यभर लागणार आहे ते मी तिथे घेणार नाही. कवितासुद्धा नाही, अक्षर मोठं केलं की ओळ मोडते आणि कवीने जिथे थांबायला सांगितलंय तिथे थांबता येत नाही.

ऑडिओला बरेच वाचक दुय्यम समजतात, मला ते अजिबात पटत नाही. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप 2017 मध्ये भारतात आलं आणि मराठीत ऐकण्यासारखं खूप काही एका जागी मिळायला लागलं. लोकलमध्ये लोंबकळत जाणाऱ्याला, दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला, नजर अधू झालेल्याला पुस्तकापर्यंत पोचायचा हाच रस्ता उरतो. आणि बोलीतलं साहित्य! मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी डोळ्यांनी वाचताना शहरातला वाचक दोन पानांत दमतो, तीच बोली जाणत्या वाचकाच्या तोंडून ऐकली की अर्थ आपोआप लागतो. बहिणाबाईंनी तर आपली गाणी जात्यावर, शेतात तोंडानेच रचली, लिहून ठेवली ती इतरांनी, ती ऐकायचीच चीज आहे. उलट वैचारिक पुस्तक, तळटीपा असलेला इतिहास, चार पिढ्यांची नावं असलेली कादंबरी ऐकताना धागा सुटतो, मागे जाऊन तो शोधणं त्रासाचं असतं. सबस्क्रिप्शन थांबलं की सगळं थांबतं हेही धरून चाला, आणि पैसे भरायच्या आधी नमुना ऐका, वाचणाऱ्याचा आवाज नाही आवडला तर पुस्तक कितीही चांगलं असलं तरी पुढे जाववत नाही.

तर आता तुमचं बघा. महिन्याला तीन-चार कादंबऱ्या संपवणारे आणि परत न वाचणारे असाल तर लायब्ररी, आणि प्रवास फार असेल तर जोडीला ऑडिओ, किंडल लागणारच नाही. कमी वाचता पण रेंगाळत वाचता, तर महिन्याला एक पुस्तक विकत घ्या, बांधणी बघून, आणि बाकी पैसे वाचवा. लहान मुलं घरात असतील तर छापीलच, त्यांना पानं उलटू द्या, आईवडील काय वाचतायत हे मुलांना दिसायला हवं आणि किंडलवर वाचताना मुखपृष्ठ दिसत नाही. परदेशात असाल तर माझा सगळा लायब्ररीचा आग्रह मी बाजूला ठेवते, पोस्टाचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो, तिथे किंडल आणि ऑडिओ दोन्ही घ्या, आणि भारतात आल्यावर फक्त कवितासंग्रह आणि कोश बॅगेत भरा, कादंबऱ्यांचं वजन नेऊ नका.