वरून बिल निघालं होतं, खाली आलं नाही: पोटठेका घेणाऱ्यांनी हे वाचा

मुख्य ठेकेदार "वरून बिल निघालेलं नाही" असं सांगतो, तेव्हा ते खरं की खोटं हे माहिती अधिकाराच्या 10 रुपयांच्या अर्जात कळतं. माझ्या बाबतीत ते खोटं होतं. सरकारी कामांत पोटठेका घेणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे पोचावं म्हणून सविस्तर लिहितो आहे.

काम होतं मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रस्त्यावरच्या मोऱ्यांचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठीच्या लहान पुलांचं. टेंडर एका मोठ्या फर्मने बरंच बिलो (अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने) जाऊन घेतलेलं. खोदाईपासून स्लॅबपर्यंत सगळं काम माल-मजुरीसह माझ्याकडे आलं. स्टॅम्प पेपरवर करार झाला. त्यात एक ओळ होती: "विभागाकडून रक्कम प्राप्त झाल्यावर 15 दिवसांत अदा केली जाईल." आमच्या धंद्यात ही ओळ सर्रास असते. पण विभागाची रक्कम कधी आली हे फक्त मुख्य ठेकेदाराला कळतं, आणि नेमकं तिथेच फसवलं जातं.

पहिल्या रनिंग बिलाचे (काम चालू असताना झालेल्या कामापुरत्या बिलाचे) पैसे मुख्य ठेकेदाराने वेळेवर दिले. त्यामुळे विश्वास बसला. पुढे जेई (विभागाचे कनिष्ठ अभियंता) येऊन मोजमापं घेत राहिले, एम.बी. (मोजमाप पुस्तिका) भरत गेली, मोऱ्या पूर्ण झाल्या, आणि मला उत्तर मिळत राहिलं की निधी नाही. ते पटण्यासारखंच होतं. राज्यभर ठेकेदारांच्या संघटना थकलेल्या देयकांसाठी आंदोलनं करत होत्या. खरी टंचाई होती, म्हणूनच तिच्या आड हे खोटं खपून गेलं. इकडे सळईवाला आणि क्रशरवाला रोज दारात. मजुरांचा हिशेब मी घरातल्या पैशांतून मिटवला, कारण त्यांना थांबा म्हणणं शक्यच नव्हतं. शिवाय आपण बिल दिलं की त्यावरचा 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. पैसे हातात आलेत की नाही, हे कोणी विचारत नाही.

शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. या कामाची कोणती देयकं कोणत्या तारखेला अदा झाली ते कळवा आणि एम.बी.च्या प्रती द्या, एवढंच मागितलं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा पहिलं अपील केलं. मग कागद आले. माझ्या मोऱ्यांची मोजमापं असलेली पानं त्यात होती आणि देयक अदा झाल्याच्या तारखाही होत्या. सुरक्षा ठेव सोडली तर सगळी रक्कम फर्मच्या खात्यात कधीच जमा झाली होती.

कागद समोर ठेवले तसं मुख्य ठेकेदाराचं बोलणं फिरलं. "तुम्ही फक्त लेबर पुरवत होता," म्हणाला. विभागात गेलो तर साहेब म्हणाले, आमचा करार फर्मशी आहे, तुमचं नाव आमच्या दप्तरी नाही. तेही खोटं नव्हतं. बी-1 करारात (विभागाच्या ठरलेल्या नमुन्यातल्या ठेक्याच्या करारात) अटच असते की परवानगीशिवाय काम पोटठेक्याने देता येत नाही. म्हणून कोणी परवानगी मागत नाही आणि साइटवर राबणारा माणूस कागदावर येत नाही. पोलीस ठाण्यात दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं.

पुरावा मात्र मुख्य ठेकेदाराच्याच हिशेबात होता. माझ्या बिलांवर त्याने इनपुट क्रेडिट (बिलातल्या जीएसटीची आपल्या करातून वजावट) घेतलं होतं. टीडीएस कापून माझ्या पॅनवर भरला होता, तो 26एएसमध्ये (आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात) स्वच्छ दिसत होता. ज्याला लेबर पुरवणारा म्हणत होता, त्याची वर्क्स कॉन्ट्रॅक्टची (माल आणि काम एकत्र असलेल्या ठेक्याची) बिलं त्याने खर्चात धरली होती. जीएसटीचा नियम असा आहे की बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. वकिलांनी नोटिशीत हा मुद्दा घातला आणि पहिल्यांदाच त्याच्या सीएचा फोन आला. थोडी रक्कम मिळाली. उरलेल्या रकमेचा दावा वाणिज्य न्यायालयात चालू आहे.

बरेच जण उद्यम नोंदणीच्या (लघुउद्योग म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदणीच्या) भरवशावर राहतात. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात पैसे देण्यासाठी 45 दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण माल आणि काम एकत्र असलेल्या ठेक्याला तो कायदा लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. नोंदणी जरूर करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. आणि "बघू, करू" ऐकत बसू नका. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि फसवणाऱ्याला ती चांगली माहीत असते. बाकी किती आहे ते मुदतीच्या आत सहीनिशी लिहून घ्या. करारात "एम.बी. नोंदीपासून 45 दिवसांत, विभागाची रक्कम येवो अथवा न येवो" असं लिहायला लावा. तो तयार झाला नाही, तर ते काम सोडा.

हे सगळं एकेकट्याने लढावं लागतं, कारण कायद्यात आम्ही नाही. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुणाने जीव दिला. तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच्या नावावर कंत्राटच नाही. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं, कारण अगदी हेच उत्तर मला मिळालं होतं. थकबाकी द्या, ही संघटनांची मागणी रास्त आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. पण ती पूर्ण झाली तरी पैसा मुख्य ठेकेदाराशीच थांबतो.

ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने "मला मिळाले की तुला देतो" ही अट सर्वसाधारणपणे निष्प्रभ ठरवली आहे. अमेरिकेत केंद्राच्या मोठ्या सरकारी कामांत मुख्य ठेकेदाराला पोटठेकेदारांच्या पैशांसाठी हमी बाँड द्यावा लागतो. तो कायदा 1935 चा आहे आणि राज्यांनीही तसे कायदे केले आहेत. आपल्याकडे करार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत) आहे, त्यामुळे महाराष्ट्राचं विधिमंडळ यावर कायदा करू शकतं.

आमच्या भागातले पोटठेकेदार नागपूर अधिवेशनाआधी आमदारांना निवेदन देणार आहेत. पोटठेकेदाराची नोंद विभागात व्हावी. मागच्या बिलातले त्याचे पैसे पोचल्याची पावती जोडल्याशिवाय मुख्य ठेकेदाराचं पुढचं बिल निघू नये. आणि कामनिहाय देयकाच्या तारखा विभागाने सगळ्यांना दिसतील अशा जाहीर कराव्यात. तुमच्याकडे माझ्यासारखे कागद असतील, तर त्यांच्या प्रती जोडून हेच निवेदन तुमच्या आमदारांनाही द्या.