झोका, ढील आणि ठोसा: सुपरहिरोंच्या खेळांत हाताला काय जाणवते

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून घेतलेल्या प्लेस्टेशनच्या जुन्या कंट्रोलरचे आर-टू, म्हणजे उजव्या तर्जनीखालचे बटण, तिसऱ्याच आठवड्यात कुरकुरायला लागले. दाबले की दबायचे, पण सोडल्यावर क्षणभर अडकून मगच वर यायचे. ‘वापरलेल्या मालाला वॉरंटी नसते, भाऊ’ एवढे बोलून दुकानदाराने विषय संपवला. या बिघाडाने एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आणून दिली. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ हा 2018 चा खेळ त्या कंट्रोलरवर खेळणे जवळजवळ अशक्य झाले, तर ‘बॅटमन: अर्कम सिटी’ मी त्याच कंट्रोलरवर रात्री उशिरापर्यंत खेळत राहिलो आणि माझे फारसे काही अडले नाही. दोन्ही खेळांत एक मुखवटाधारी नायक उंच इमारतींवरून खाली येऊन गुंडांना बडवतो, तरी एकाचा जीव फिरण्यात आहे आणि दुसऱ्याचा मारामारीत, हे मला इतक्या स्पष्टपणे आधी कधी दिसले नव्हते.

इन्सोम्नियाक या कंपनीच्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये आर-टू दाबून धरले की जाळ्याचा दोर सुटतो आणि नायक झोका घेऊ लागतो, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. खरे कौशल्य बटण दाबण्यात नसून सोडण्यात आहे, हे कळायला दोन दिवस लागतात. झोका खालच्या टोकाला असताना दोर सोडला तर नायक रस्त्याला समांतर सुसाट पुढे जातो, आणि झोका वर चढून थांबण्याच्या बेतात असताना सोडला तर उंची मिळते पण वेग हातचा जातो. संक्रांतीला महाल-इतवारीच्या गच्च्यांवर ज्याने पतंग उडवले आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ढील कधी द्यायची आणि कधी खेचायचे याचा निर्णय तिथे डोक्याच्या आधी बोटे घेतात, आणि इथेही तसेच होते. अडकणाऱ्या बटणामुळे माझी प्रत्येक ढील उशिरा जात होती, त्यामुळे मॅनहॅटनमधली निम्मी तरी काचेची तावदाने मी नायकाच्या तोंडाने पुसून काढली असतील. एल-टू आणि आर-टू एकत्र दाबून एखाद्या कठड्यावर किंवा दिव्याच्या खांबावर झेपावायचे आणि पाय टेकताक्षणी उडीचे बटण दाबून तोच वेग पुढे न्यायचा, ही युक्तीही साधायला हवी. ती एकदा साधली की कथानक बाजूला ठेवून अर्धा-पाऊण तास नुसते भटकण्यात कधी जातो ते कळत नाही.

या झोक्याचा पाया जुना आहे. 2004 साली ट्रेयार्कने बनवलेल्या ‘स्पायडर-मॅन 2’मध्ये जाळे खऱ्याखुऱ्या इमारतींना चिकटत असे, त्याआधीच्या खेळांत ते आकाशालाच लटकवल्यासारखे दिसायचे. दोर कुठेतरी बांधलेला आहे ही जाणीव गेली की झोक्याचा झोपाळा होतो, आणि झोपाळ्यावर पडण्याची भीती उरत नाही.

इन्सोम्नियाकचा 2023 चा ‘स्पायडर-मॅन 2’ मी मनीषनगरला राहणाऱ्या भाच्याकडे प्लेस्टेशन 5 वर खेळलो. त्यात मॅनहॅटनच्या जोडीला क्वीन्स आणि ब्रुकलिन हे भाग आले आहेत, आणि तिथली बरीचशी घरे दोन-तीन मजली असल्यामुळे जाळे अडकवायला उंचीच मिळत नाही. आपल्या महालातल्या जुन्या वाड्यांवरून स्पायडर-मॅनला सोडले तर त्याची जी पंचाईत होईल, तीच इथे होते. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला काखेखाली जाळ्याचे पंख दिले आणि जागोजागी वाऱ्याचे झोत सोडले. पंख सोयीचे आहेत, पण मला ते थोडे फुकटचे वाटले, कारण हवेत तरंगताना चुकण्यासारखे फार काही राहत नाही. ‘मामा, सेटिंगमध्ये जाऊन स्टिअरिंग असिस्ट शून्यावर आणा, मग बघा,’ असे भाच्याने सुचवले, आणि तो सल्ला मी प्रत्येकाला देईन. झोक्याची दिशा खेळाने आपोआप सांभाळण्याची ही मदत मुळात दहावर असते. ती शून्यावर आणली आणि पडल्यावर इजा होण्याचा पर्याय चालू केला की झोक्याला वजन येते, वळणाआधी विचार करावा लागतो, आणि 2018 च्या खेळापेक्षाही हा खेळ चांगला वाटू लागतो.

आता बॅटमन. लंडनच्या रॉकस्टेडीने ‘अर्कम असायलम’ 2009 मध्ये, ‘अर्कम सिटी’ 2011 मध्ये आणि ‘अर्कम नाइट’ 2015 मध्ये आणला. यांतला बॅटमन उडत नाही. तो केप पसरून उंचावरून तरंगत खाली येतो, आणि हवेत टिकून राहण्यासाठी त्याला खाली सूर मारून मिळवलेला वेग पुन्हा उंचीत बदलावा लागतो. या सूर मारण्याला आर-टू लागते, तेवढ्यापुरता माझा कंट्रोलर आडवा आला. पण बॅटमन जमिनीवर उतरला आणि आठ-दहा गुंडांनी त्याला घेरले की खेळ खरा सुरू होतो.

या मारामारीची मांडणी वरवर पाहता इतकी सोपी आहे की पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखे वाटते. चौकोनाचे बटण दाबले की ठोसा, त्रिकोण दाबला की काउंटर, म्हणजे अंगावर येणाऱ्याचा वार अडवून उलटा फटका, गोल दाबला की केपच्या फटक्याने समोरचा गांगरतो, आणि मारू पाहणाऱ्याच्या डोक्याभोवती निळ्या रेषा चमकतात. नवखा माणूस चौकोन बडवत सुटतो आणि जिंकतोही. पण ठोसा बसण्याच्या नेमक्या क्षणी, एकदाच बटण दाबणाऱ्याचा कॉम्बो, म्हणजे न चुकता लागोपाठ बसलेल्या फटक्यांची मोजणी, दुप्पट वेगाने वाढतो, आणि घाईने जास्तीचे दाबणाऱ्याचा ठोसा हवेत जाऊन सगळी मोजणी शून्यावर येते. शाळेत लेझीम खेळताना हाताला जी शिस्त लागते तीच इथे लागते, कारण आवाज नेमका ठोक्यावर पडला पाहिजे, आधी नाही आणि नंतरही नाही. कॉम्बो आठवर पोचला, किंवा सुधारणा विकत घेतली असेल तर पाचवरच, की दोन बटणे एकत्र दाबून एकाला कायमचा आडवा करता येतो. हे सगळे मी मे महिन्यात, खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत, टीव्हीचा आवाज जवळपास न ऐकता खेळलो, आणि तरी लय चुकली नाही. प्रत्येक ठोसा बसताना चित्र किंचित अडखळते, कंट्रोलर तळव्यात थरथरतो, आणि शेवटचा गुंड पडताना काळ संथ होतो; डोळ्यांना आणि तळव्यांना एवढे पुरते. निळ्या रेषांची सवय झाली की ‘अर्कम सिटी’ नव्याने सुरू करण्याचा ‘न्यू गेम प्लस’ हा पर्याय घ्यावा, कारण त्यात त्या रेषा काढून टाकलेल्या आहेत आणि गुंडाच्या खांद्याची हालचाल वाचायला शिकावे लागते.

स्पायडर-मॅनची मारामारी याच घराण्यातली आहे, पण तिचा स्वभाव निराळा आहे. पहिल्या खेळात काउंटर नाही, डॉज आहे. नायक वार अडवत नाही, चुकवतो. चौकोन धरून ठेवला की शत्रूला हवेत उचलता येते, त्रिकोणाने त्याच्याकडे झेपावता येते, एल-वन आणि आर-वन दाबून आसपासची लहानमोठी वस्तू जाळ्याने उचलून भिरकावता येते. मारत राहिले की फोकसची पट्टी भरते, आणि ती जखम भरण्यासाठी खर्चायची की अखेरच्या फटक्यासाठी राखायची, ही ओढाताण मला फार आवडली. तरीही ठोशाचे वजन बॅटमनच्या निम्मेच जाणवते. हे कथेला धरून आहे, कारण हा नायक हात राखून मारणारा मुलगा आहे. पण हाताला मात्र दहा जण पाडूनही काही मोठे केल्यासारखे वाटत नाही. दुसऱ्या खेळात एल-वनवर पॅरी, म्हणजे वार नेमक्या क्षणी अडवणे, आल्यामुळे मोठ्या शत्रूंसमोर पाय रोवून उभे राहावे लागते आणि ही उणीव बरीच भरून निघते.

या दोघांच्या गर्दीत 2014 चा ‘इन्फेमस: सेकंड सन’ विसरला जातो, याचे मला वाईट वाटते. सकर पंचच्या या खेळात नायक सिएटलमधल्या निऑनच्या पाट्यांमधून शक्ती शोषून घेतो आणि मग प्रकाशाची रेघ होऊन सरळ भिंतीवर धावत जातो. शक्ती संपली की पुन्हा पाटी शोधायची, त्यामुळे शहरातून फिरणे आणि लढणे ही एकाच हिशेबाची दोन अंगे होतात, जे बॅटमनला आणि स्पायडर-मॅनलाही पूर्ण साधलेले नाही. लढाई मात्र बहुतांशी दुरून नेम धरण्याची आहे.

‘गॉथम नाइट्स’ या 2022 च्या खेळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चार नायकांपैकी प्रत्येकाला फिरण्याची वेगळी तऱ्हा दिली, पण ती आधी मेहनत करून कमवावी लागते, आणि तोवर मोटारसायकलवर रेंगाळावे लागते. काउंटर काढून टाकल्यामुळे मारामारीतला सवाल-जवाब गेला, आणि कन्सोलवर सेकंदाला 30 फ्रेमची, म्हणजे 30 चित्रांचीच मर्यादा असल्याने जो काही वेग आहे तोही जड वाटतो. ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये आयर्न मॅनचे उडणे आणि थॉरचा हातोडा परत बोलावणे चांगले जमले होते, पण सप्टेंबर 2023 अखेर त्याची डिजिटल विक्रीच थांबली. सुपरमॅनचा प्रश्न तर सुटलेलाच नाही, कारण ज्याला कशानेच इजा होत नाही त्याला खेळात हरवायचे कसे? 2006 च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’ने त्याच्याऐवजी शहरालाच आयुष्याची पट्टी देऊन एक चतुर उत्तर शोधले होते, उत्तर चांगले होते, खेळ कंटाळवाणा होता.

प्लेस्टेशन 4 असलेल्याने आधी ‘रिटर्न टू अर्कम’ घ्यावे, कारण 2016 च्या या एका संचात ‘असायलम’ आणि ‘सिटी’ दोन्ही येतात, आणि नंतर 2018 चा ‘स्पायडर-मॅन’. उलट क्रमाने गेल्यास बॅटमनचे फिरणे उगीचच संथ वाटेल. कंट्रोलर जुना घेणार असाल तर दुकानातच आर-टू वीसेक वेळा दाबून आणि सोडून पाहा. माझ्या बटणाची स्प्रिंग शेवटी गल्लीतल्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने दहा मिनिटांत बदलून दिली. त्या संध्याकाळी मी मॅनहॅटनच्या सर्वांत उंच छतावरून उडी घेतली, रस्त्यावरच्या गाड्यांचे टप दिसेपर्यंत दोर टाकला नाही, आणि झोक्याच्या अगदी तळाशी बोट उचलले.