बिलावरचे ‘09’ मला दिसले होते

जून आणि जुलै 2024 या दोन महिन्यांत मी एका कंपनीला 1,17,600 रुपये दिले आणि ते बुडाले. हे लिहायला मला वर्षभर लाज वाटत होती, कारण मी अकरा वर्षे एका कर सल्लागाराच्या कार्यालयात बिलांच्या नोंदी केल्या आहेत आणि मी फसले ते एका बिलातच.

नोकरी सुटल्यावर मी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला घरी करून व्हॉट्सअॅपवरून विकायला लागले. महिन्याला तीस-पस्तीस मागण्या येत, अठरा-वीस हजारांची विक्री होई आणि कच्चा माल, पाकिटे व कुरियरचा खर्च जाऊन सहा-सात हजार हातात राहत. धंदा लहान होता, पण उधारी नव्हती आणि तोटा नव्हता. ‘हे असेच वर्षभर चालू द्या, मग वेबसाइटचे बघू’ असे यजमान म्हणाले होते. मला मात्र दिवाळीच्या आधी सगळे उभे करायचे होते.

पुढची साखळी सर्वांना परिचित आहे. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, मी क्रमांक दिला, दुसऱ्याच दिवशी ‘ताई, तुमचा माल परदेशात जाईल’ असे सांगणारा आदबशीर मुलगा फोनवर आला. 7 जूनला परवाने आणि नोंदणीसाठी 5,900, 15 जूनला वेबसाइटसाठी 29,500, 28 जूनला जाहिरातींसाठी 47,200 आणि 9 जुलैला गोदामाची परत मिळणारी अनामत म्हणून 35,000. शेवटच्या रकमेसाठी मी मुदत ठेव मोडली. ‘परत मिळणारी अनामत’ हे शब्द जो कोणी फोनवर उच्चारेल, त्याचा फोन तिथेच ठेवून द्यावा.

विश्वास का ठेवला, असे मला अनेकांनी विचारले. पहिले काम त्यांनी खरोखर केले होते. आठ दिवसांत माझ्या नावाचे एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, प्रमाणपत्र आले आणि ते खरे होते. त्या वेळी बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना या नोंदणीचे सरकारी शुल्क वर्षाला 100 रुपये होते, लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही, हे मी नंतर पाहिले. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेखालच्या उलाढालीच्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठेवरून राज्यातल्या राज्यात माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही, एक नावनोंदणी क्रमांक पुरतो. माझी जवळजवळ सगळी गिऱ्हाइके महाराष्ट्रातली होती.

आता त्या रात्रीविषयी. 15 जूनला रात्री साडेदहाला मी स्वयंपाकघरात मेतकुटाची पाव किलोची पाकिटे वजन करून सील करत होते, तेव्हा वेबसाइटचे बिल मोबाइलवर आले. 25,000 मूळ रक्कम, त्यावर केंद्राचा 9 टक्के आणि राज्याचा 9 टक्के कर, पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात 09 ने. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो. 09 म्हणजे उत्तर प्रदेश. विक्रेता उत्तर प्रदेशातला असेल तर मला आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा एकत्रित कर, लागायला हवा, पुण्यातला असेल तर क्रमांक 27 चा हवा. ते बिल कोणत्याही बाजूने खरे ठरत नव्हते आणि मला ते दिसले होते. मी विचारले, तो म्हणाला, ‘ताई, मुख्य कार्यालय नोएडाला आहे,’ आणि मी पीठ लागलेल्या बोटाने यूपीआयचा पिन टाकला. पैसे ज्या खात्यात गेले तेही कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या नावाचे होते. मुलीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होती, दिवसभर उभे राहून पाय सुजले होते, हे सगळे खरे आहे. पण जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक शोधायला एक मिनिट लागले असते.

वेबसाइट सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात चौदा मागण्या आल्या, सर्व माल घरी आल्यावर पैसे देण्याच्या. त्या पाहूनच मी अनामत भरली. चौदाही पार्सले परत आली. दोन फुटलेली होती आणि मसाल्याचा वास कितीतरी दिवस ओसरीतून गेला नाही. 16 जुलैला वेबसाइट बंद झाली, फोनही बंद झाले. डोमेन माझ्या नावावर नव्हतेच. डोमेन स्वतःच्या ईमेलवरून स्वतःच्या नावाने घ्यावे आणि जाहिरातीचे खाते स्वतःचे ठेवून दोन-तीनशे रुपयांपासून सुरुवात करावी, मग कोण काय खर्च करतो ते आपल्याला दिसते.

17 जुलैला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथे दोन तास बसवून सायबर विभागाकडे जायला सांगितले. सायबर विभागाने सांगितले की तुम्ही स्वतः पैसे पाठवले, त्यांनी एक काम करूनही दिले, म्हणजे हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी दावा करा. खोट्या कर क्रमांकाचे बिल मी टेबलावर ठेवले, ते कोणी हातातही घेतले नाही. बँकेत गेले तर व्यवस्थापक म्हणाले, पोलिसांचे पत्र आणा; पोलीस म्हणाले, आधी बँकेचे विवरण शिक्का मारून आणा; शिक्का मारून नेले तर ज्या हवालदारांकडे कागद होते त्यांची बदली झालेली. एका अधिकाऱ्याने ‘शिकलेल्या बायका अशा कशा फसतात’ असे सर्वांसमोर विचारले. मी पाच फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीला दिवसभराचा धंदा बुडाला, आणि फसवणारे त्याच काळात दुसऱ्या कोणाला तरी ‘ताई’ म्हणत होते. तक्रारीपुढे आजही ‘प्रक्रियेत’ एवढेच दिसते.

माझे पैसे गेले त्या खात्यात 4,312 रुपये गोठवले गेले आहेत. ते मिळवण्यासाठी त्या वेळी न्यायालयाचा आदेश लागत होता आणि वकिलांनी त्यासाठी 6,000 रुपये सांगितले होते. मी अर्ज स्वतःच लिहिला आहे. पुण्याचा पत्ता आणि 09 चा क्रमांक असलेले असे बिल ज्यांच्याकडे आले असेल, त्यांनी पुढचा हप्ता थांबवावा, बिल, संभाषण आणि खातेक्रमांक जपून ठेवावेत आणि आजच 1930 वर फोन करावा. मी पहिल्या हप्त्यानंतर चाळीस नव्हे, आठ दिवसांनी तो केला असता तर 1,11,700 रुपये माझ्याकडे असते.